फक्त कागदावर राहिलंय म्हणे!

“पावणं, कर्ज कवाच फिटलंय. फक्त कागदावर राहिलंय.”

जुना ट्रॅक्टर शोधतोय आणि हे वाक्य या महिन्यात चौथ्यांदा ऐकलं. अहो, कागदावर राहिलंय म्हणजेच राहिलंय की! आरसीवर बँकेचं नाव असेपर्यंत कोल्हापूरची एमएच ०९ काय आणि सांगलीची एमएच १० काय, गाडी माझ्या नावावर चढणार कशी? बँकेची एनओसी आणि कर्जाचा बोजा उतरवायचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आणा म्हटलं, की मालक आभाळाकडं बघतो. एकानं तर हप्ते भरल्याच्या पावत्या पिशवीतनं ओतल्या. त्या घेऊन मी काय करू, चुलीत घालू?

बरं, स्वतः ऑनलाइन बघावं, तर मालकाच्या नावात निम्मी अक्षरं फुल्या. पुढचं काही करायचं तर चॅसी नंबरचे शेवटचे पाच आकडे पाहिजेत. ते मिळाले तर ओटीपी जातो पहिल्या मालकाच्या मोबाईलवर, आणि तो नंबर बंद. मधल्या दोघांनी आपल्या नावावर करून घेतलेलीच नाही! गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेऊन ट्रॅक्टर हातोहात फिरतोय. (त्यातली एक सही मयत माणसाची निघाली.)

सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा दिसला तर हीच माणसं गुंठाभर रान घेणार नाहीत. ट्रॅक्टरला मात्र “विश्वास ठेवा की राव!”

काल एजंट म्हणाला, “टायर बघा, नवीन हाईत.”