लिलॅक मोटारसायकललाही जागा हवी होती
दुर्मीळ जपानी मोटारसायकली शोधणाऱ्यांवरचा हा लेख आवडला, पण सगळा भर होंडा सीबी ७५० वरच आहे. १९६९च्या पहिल्या गाड्यांचे क्रँककेस (इंजिनाचं खालचं कवच) ‘सँडकास्ट’ म्हणजे वाळूच्या साच्यातले म्हणून ओळखले जातात, प्रत्यक्षात ते तसे नसले तरी; म्हणून त्यांना एवढी मागणी, हे मान्य. माझा जीव मात्र सुझुकी आरई-५ वर. ४९७ सीसीचं रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी गोल फिरणाऱ्या रोटरवर चालणारं) आणि सुरुवातीच्या मॉडेलवरचा तो नळकांड्यासारखा मीटरचा डबा, काय देखणा! १९७४ साली आली तेव्हा तेलाचे भाव भडकलेले, आणि ही पेट्रोल पिणारी. दोन-तीन वर्षांत उत्पादन थांबलं. आज तिचे रोटर सील शोधत फिरणाऱ्यांच्या चिकाटीला सलाम. पुढच्या लेखात मारुशो कंपनीच्या लिलॅकवर लिहाच. साखळीऐवजी शाफ्ट ड्राइव्हवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर चालणाऱ्या त्या व्ही-ट्विन (व्ही आकारात दोन सिलिंडर असलेल्या) गाड्यांची आठवणसुद्धा फार थोडे जण काढतात.