किंगस्नेक पाळायचाय? आधी मे महिन्याचं बोला

गावाकडचे पोट्टे हल्ली किंगस्नेकचे व्हिडिओ पाहून विचारतात, "पाळू का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. मे महिन्यात दुपारी तीन वाजता तुमच्या घरातली एक तरी खोली 30 अंशांच्या आत राहते का? राहत असेल तर पुढचं वाचा. नसेल तर हा साप तुमच्यासाठी नाही, मग पिंजरा कितीही महागाचा घ्या.

कॅलिफोर्निया किंगस्नेक मूळचा अमेरिकेच्या पश्चिम भागातला आणि उत्तर मेक्सिकोतला. बिनविषारी, तीन ते चार फूट वाढतो आणि नीट सांभाळला तर 20 वर्षं जगतो. "वाळवंटातला आहे, त्याला ऊन काय करणार" हा सगळ्यात महाग पडणारा गैरसमज. तिथे उन्हाळ्यात तो बिळात राहतो आणि रात्री फिरतो. काचेच्या पेटीत त्याला बीळ नसतं. पेटीचं गरम टोक 29 ते 31 अंश आणि थंड टोक 23 ते 25 अंश असं त्याला लागतं. सगळी पेटी काही तास 35 च्या वर राहिली की साप आजारी पडतो, त्याच्याही वर गेली की मरतो. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 46-47 ला जातो तेव्हा टिनाच्या खोलीत काय होत असेल ते सांगायला नको.

परदेशी माहितीत पानंच्या पानं गरम कसं ठेवायचं यावर असतात. आपल्याकडे थंड कसं ठेवायचं हा मुख्य प्रश्न. मातीच्या जाड भिंतीची, कवेलूची किंवा दुमजली घराची खालची खोली निवडा, पश्चिमेची भिंत टाळा, पेटी जमिनीलगत ठेवा. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते, त्यामुळे वूडवूलचा साधा कूलरही छान काम करतो आणि खोली 28-30 वर आणतो. कूलरचा झोत थेट पेटीवर येऊ देऊ नका. इन्व्हर्टरवर चालेल असा छोटा कूलर घ्या, कारण दुपारचं भारनियमन नेमकं नको त्या वेळी होतं. लाइट लांबली तर बर्फ झालेली पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून जाळीच्या झाकणावर एका टोकाला ठेवा आणि पेटीभोवती ओलं पोतं टाका. हवा जायला जागा सोडा.

खरा धोका मात्र मृगाच्या आसपास असतो. दोन सरी येतात, हवेत दमटपणा भरतो, पारा अजून 38-40 वर असतो आणि कूलर जवळजवळ निकामी होतो. लोक म्हणतात, पाऊस आला, सुटलो. सापासाठी हाच आठवडा सगळ्यात वाईट. तेवढ्या दिवसांसाठी एसीची खोली, निदान एखाद्या नातेवाइकाकडची, आधीच बोलून ठेवा. त्या काळात खायलाही देऊ नका, उष्णतेच्या ताणाने साप खाल्लेलं उलटून टाकतो.

उष्णता चढलेला साप कसा ओळखायचा? तो सारखा फिरतो, नाक जाळीवर घासतो, तोंड उघडं ठेवतो, पाण्याच्या भांड्यात लांब पडून राहतो. पुढे अंग ढिलं पडतं आणि पाठीवर उलटा केला तर सरळ होत नाही. तेव्हा लगेच थंड खोलीत न्या आणि 24-26 अंशांच्या उथळ पाण्यात ठेवा, डोकं वर राहील असं. बर्फाचं पाणी नको, धक्का बसतो. मग डॉक्टर. नुसतं पाण्यात बसणं हे गोचिडासारख्या बारीक किड्यांचंही लक्षण असतं. भांड्याच्या तळाला आणि डोळ्यांच्या कडेला काळे ठिपके हलताना दिसतात का ते बघा.

आता पेटी. मोठ्या सापाला 4 फूट लांब, 2 फूट रुंद जागा द्या. पिल्लाला एवढी मोठी पेटी नको, ते बुजतं आणि खात नाही. कुलूप लागणारं झाकण हवंच, कारण डोकं जिथून जातं तिथून सगळा किंगस्नेक जातो. लपायला दोन जागा लागतात, एक गरम टोकाला, एक थंड टोकाला, अंगाला घट्ट बसणाऱ्या. आपलं जुनं कवेलू यासाठी विकतच्या गुहेपेक्षा चांगलं. घासून धुवा, उकळत्या पाण्यातून काढा, वाळवा आणि ठेवा. खाली वर्तमानपत्र किंवा नारळाचा चुरा घाला. आरा मशीनचा भुसा आणि वावरातलं कुटार नको, धुळीने श्वसनाचा त्रास होतो आणि पावसाळ्यात बुरशी धरते.

हिवाळ्यात मात्र आपल्याकडच्या रात्री 10 अंशांवर येतात आणि तेव्हा हीटमॅट, म्हणजे विजेवर गरम होणारी चटई, लागते. पेटीच्या तळाच्या एक तृतीयांश भागाखाली, बाहेरून, आणि थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज आपोआप तोडणाऱ्या यंत्रावर. थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावली तर पोट भाजतं, आणि सापाला ते वेळेवर कळत नाही. व्होल्टेज वरखाली होऊन थर्मोस्टॅट अडकतो, म्हणून मार्च लागला की बटण बंद करून थांबू नका, प्लगच काढा.

दमटपणा 40 ते 60 टक्के पुरतो. आपल्या मे महिन्यात तो फार खाली जातो आणि कात तुकड्यातुकड्याने निघते. डोळे दुधाळ झाले, म्हणजे कात निघायची वेळ आली, की साप हाताळू नका आणि एका डब्यात ओलसर मॉस किंवा सुती कापड ठेवून त्याला आत जाता येईल असं भोक पाडा. निघालेली कात उलगडून डोळ्यांवरच्या दोन्ही टोप्या आल्या का ते तपासा. राहिल्या असतील तर नखाने ओढू नका, ओल्या कापडाच्या डब्यात अर्धा तास ठेवून पुढच्या कातीची वाट बघा. जुलै-ऑगस्टमध्ये उलटं, तळ ओला राहिला की पोटाचे खवले तपकिरी होऊन कुजतात. तेव्हा कागद रोज बदला.

खाणं म्हणजे गोठवलेले पांढरे उंदीर. पिल्लाला 5-7 दिवसांनी, मोठ्याला 10-14 दिवसांनी, सापाच्या सगळ्यात जाड भागाइतका किंवा थोडा जास्त जाड. रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळवायचा, मग कोमट पाण्यात पिशवीसकट ठेवायचा आणि चिमट्याने द्यायचा. हाताने दिला तर तो हातालाच खाऊ समजतो, या जातीची भूक जबर असते. खाल्ल्यावर दोन दिवस उचलू नका. लाइट जाऊन फ्रीझरमधला साठा वितळला तर परत गोठवायचा नाही, टाकायचा. गोदामातले किंवा वावरातले उंदीर कधीच देऊ नका, झिंक फॉस्फाइड खाल्लेला उंदीर सापालाही मारतो. चिकनच्या दुकानातले तुकडे चालत नाहीत, त्यात अख्ख्या उंदरासारखी सगळी हाडं-अवयव नसतात आणि कॅल्शियम कमी पडतं. दूध तर नाहीच, नागपंचमीलाही नाही.

आणि जोडी ठेवू नका. किंगस्नेक हा साप खाणारा साप आहे, एका पेटीत दोन म्हणजे कधीतरी एकच उरेल. तिकडच्या रॅटलस्नेकच्या विषाला तो बराच दाद देत नाही, म्हणून "घरात ठेवला की नाग येणार नाही" असं विकणारे सांगतात. आपल्या नाग-मण्यारच्या विषाशी त्याचा काही संबंध नाही. त्याला अशा कामाला लावू नका.

मण्यारचा विषय निघालाच आहे तर निवडीबद्दल सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे. काळ्या अंगावर पांढरे पट्टे असा साधा किंगस्नेक घेऊ नका. मण्यार काळी, चकचकीत, अंगावर पांढऱ्या बारीक पट्ट्यांच्या जोड्या. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडे काळे-पिवळे रुंद पट्टे असलेली पट्टेरी मण्यारही आहे. ज्या घरात लेकरं जमिनीवर झोपतात, तिथे पट्टेरी साप हातात घ्यायची सवय लागली तर ती एखाद्या रात्री खऱ्या मण्यारलाही उचलतील. तिचा चावा फारसा दुखतही नाही. आणि किंगस्नेक निसटून शेजारच्या आंगणात गेला तर लोक काठी घेतील, त्यांचं काय चुकलं? म्हणून अंगात काळा रंग नसलेला, पांढरट-गुलाबी अल्बिनोच घ्या, आपल्याकडच्या कुठल्याच सापाशी तो जुळत नाही.

घ्यायची वेळ ऑक्टोबर ते जानेवारी. म्हणजे उन्हाळ्याआधी तो रुळतो. दोन-तीन महिन्यांचा, पाच-सहा वेळा खाल्ल्याची नोंद असलेला, शक्य असेल तर तुमच्यासमोर उंदीर खाणारा घ्या. पाठीचा कणा वर आलेला नको, तोंडाला फेस किंवा नाकाला बुडबुडे नकोत, शेपटीजवळचं छिद्र स्वच्छ हवं. कुरिअरने मेमध्ये मागवू नका.

नाग, धामण, तस्कर, अजगर असा आपल्याकडचा कुठलाही साप घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. किंगस्नेक विदेशी आहे, पण पावती आणि कागदपत्रं घ्याच. कायद्यातली 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे आणि काही विदेशी प्रजातींची नोंदणी त्यात सक्तीची केली आहे. तुमच्या सापाला ती लागते का हे विभागीय वन कार्यालयात लेखी विचारा.

झेपेनासा झाला म्हणून नाल्यात सोडायचा विचार चुकूनही करू नका. स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर असेच सुटलेले कॅलिफोर्निया किंगस्नेक पसरले आणि तिथले मोठे सरडे संपत चालले आहेत. 20 वर्षांत लग्न, नोकरी, गाव सोडणं सगळं होतं. तेव्हा साप कोण घेईल, आणि सापांवर उपचार करणारा डॉक्टर नागपुरात किंवा जवळच्या शहरात कोण आहे, ही दोन नावं आणि नंबर पैसे देण्याआधी मोबाईलमध्ये टाका. ती मिळाली नाहीत तर यंदा घेऊ नका.