मॉर्फिनबद्दलचा मेसेज आणि उशीखालच्या गोळ्या

कॅन्सरचा रुग्ण असलेल्या घरी एक मेसेज फिरत फिरत येतोच. आमच्याकडेही आला. त्याचा सारांश असा: मॉर्फिन म्हणजे अफूचं विष, शरीराला परकं, एकदा घेतलं की व्यसन लागतं, श्वास बंद पडतो, डॉक्टरांनी ते लिहिलं म्हणजे त्यांनी हात टेकले, आत्ताच घेतलं तर पुढे काही उरत नाही. मावशीने तो वाचला आणि गोळ्या गिळायच्या सोडून रुमालात बांधून ठेवायला लागली. चादर बदलताना उशीखाली त्या सापडल्या. दहा मिलिग्रॅमच्या अकरा गोळ्या, म्हणजे जवळजवळ दोन दिवसांच्या. तेवढा वेळ ती हाडातली कळ दात आवळून सोसत होती. मी औषधशास्त्र शिकवते. हा मेसेज खोडून काढणं माझं काम आहे.

“शरीराला परकं.” हे तर पन्नास वर्षांपूर्वीच निकालात निघालंय. १९७३ साली अमेरिकेत आणि स्वीडनमध्ये वेगवेगळ्या संशोधकांनी दाखवलं की मेंदूत मॉर्फिन नेमकं जाऊन बसेल अशा जागा आहेत, म्हणजे रिसेप्टर. पण खसखशीच्या बोंडातल्या चिकासाठी माणसाच्या मेंदूत जागा कशाला असेल? स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला हान्स कोस्टरलिट्झ हे औषधशास्त्रज्ञ याच्याच मागे होते. गिनीपिगच्या लहान आतड्याचा तुकडा कोमट क्षारद्रावात टांगायचा आणि विजेचा हलका झटका द्यायचा, की तो आक्रसतो. मॉर्फिन टाकलं की आक्रसणं मंदावतं. मॉर्फिनचा उतारा असलेलं नॅलोक्सोन टाकलं की पुन्हा पूर्ववत. कोस्टरलिट्झ आणि त्यांचे सहकारी जॉन ह्यूज यांनी डुकराच्या मेंदूतून काढलेल्या अर्कानेही अशा चाचण्यांत मॉर्फिनसारखाच परिणाम दिसला, आणि नॅलोक्सोनने तोही उतरला! १९७५ च्या डिसेंबरात त्यांनी त्या अर्कातले दोन रेणू जाहीर केले. प्रत्येकात फक्त पाच अमिनो आम्लं. नाव एन्केफॅलिन. तेव्हा कोस्टरलिट्झ ७२ वर्षांचे होते. म्हणजे कुलूप आपलं, किल्लीही आपली. अफूची किल्ली त्यात बसते इतकंच.

त्या आतड्याच्या तुकड्याने आणखी एक गोष्ट सांगून ठेवलीय. मॉर्फिनने पोट का साफ होत नाही, तर आतड्यातही तेच रिसेप्टर आहेत. सुरुवातीची मळमळ आणि झापड बहुतेकांची काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही. म्हणून पहिल्या गोळीबरोबरच आतडं हलवणारं रेचक डॉक्टरांकडून लिहून घ्या. घरोघरी इसबगोल देतात; मंदावलेल्या आतड्यात त्याचा लगदा साचून त्रास वाढू शकतो.

“व्यसन लागतं.” ही भीती हवेतून आलेली नाही, आणि ती उडवून लावणाऱ्यांवरही माझा राग आहे. १९९६ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी म्यू नावाचा एकच रिसेप्टर नसलेले उंदीर तयार केले. त्यांच्यात मॉर्फिनने वेदना थांबेना, त्याची ओढही लागेना आणि ते तोडल्यावरचा त्रासही होईना. वेदनाशमन आणि ओढ, दोन्ही एकाच दारातून येतात. अमेरिकेत १९८० सालच्या एका पाच वाक्यांच्या पत्राचा आधार घेऊन या गोळ्या बिनधोक असल्याचं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. ते पत्र रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांबद्दल होतं, घरी महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल नव्हे. त्या ढिलाईने असंख्य जीव गेले. पण शरीराला सवय होणं आणि व्यसन लागणं यात फरक आहे. स्टिरॉइडही एकदम तोडत नाहीत, हळूहळू उतरवतात. म्हणून त्या रुग्णाला कुणी व्यसनी म्हणत नाही. मावशीला नशा नको होती, कूस बदलता यायला हवी होती.

“श्वास बंद पडतो.” जास्त डोसने पडतो, खरं आहे. श्वासाची लय राखणाऱ्या मेंदूच्या भागातही म्यू रिसेप्टर आहेत. म्हणूनच डोस थोडक्यावर सुरू करून बेताबेताने वाढवतात, आणि रुग्ण हाकेला नीट ओ देतोय ना, हे बघतात. कारण सहसा आधी गुंगी वाढते, मग श्वास मंदावतो. किडनी कमजोर असेल, झोपेच्या गोळ्या किंवा दारू चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. गोळ्या कुलपात ठेवा, दुसऱ्या कुणालाही देऊ नका.

“डॉक्टरांनी हात टेकले.” नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कॅन्सरच्या वेदनेसाठी औषधांची शिडी आखून दिली, ती वेदना किती आहे त्यावर, आयुष्य किती उरलंय त्यावर नव्हे. मोठ्या ऑपरेशननंतरही मॉर्फिन देतात आणि माणसं घरी चालत जातात. रेडिएशनने हाडाचं दुखणं कमी झालं तर डोसही उतरवता येतो.

आणि “पुढे काही उरत नाही” म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, मॉर्फिनला ठरीव कमाल डोस नाही. डोस वाढवावा लागतो तो बरेचदा आजार वाढल्यामुळे, आणि तेव्हाही तो वाढवता येतो.

मावशीला हे सगळं मी गोळ्यांचा रुमाल समोर ठेवून सांगितलं. आता तिची एक वही आहे. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा. रात्री दहाच्या ओळीत डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दोन गोळ्या लिहिलेल्या, पहाटे दोनला उठायला नको म्हणून. प्रत्येक वेळेपुढे ती स्वतःच्या हाताने बरोबरची खूण करते.