किती फूट झालं?

कॉम्प्युटर जोडायला काही लागत नाही. एक स्क्रूड्रायव्हर, रिकामं जेवणाचं टेबल आणि "हे इथंच बसतं" असं ठणकावून सांगणारी, आर्किटेक्चरला जाणारी लेक. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून खोकी आली, सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या टेबलावर पसरली आणि चहाच्या वेळेपर्यंत कॅबिनेटमधले पंखे लाल-निळे फिरायलाही लागले. शेजारच्या वहिनी "बाई गं, लायटिंग किती छान!" म्हणून गेल्या. त्यात विंडोज ११ घालायचं अजून बाकी आहे, हे त्यांना सांगून काय उपयोग?

पंखे फिरतायत, दिवे नाचतायत आणि पडदा काळाठिक्कर. अशा वेळी आमच्याकडे निदानाला माणसं कमी पडत नाहीत. सासरे अण्णा म्हणाले, "अर्थिंग नसंल." ह्यांनी केबल काढून फुंकर मारली. वरच्या मजल्यावरच्या काकांनी "रॅम खोडरबरानं पुसा" असा सल्ला दिला. कोरी करकरीत रॅम, अजून खोक्याचा वास न गेलेली! डीडीआर ५ रॅम पहिल्यांदा बसवली की मदरबोर्ड आधी तिच्याशी जुळवून घेतो आणि त्यात चांगली काही मिनिटं जातात. हे माहीत असलेली लेक "कुणी हात लावायचा नाही" म्हणत टेबलापुढं आडवी उभी राहिली. भडंगाची वाटी संपायच्या आत पडदा उजळला. श्रेय फुंकरीला मिळालं.

विंडोज पेनड्राइव्हवरून घालायचं असतं, त्याचं थोडक्यात सांगते. फॅट ३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि विंडोजच्या सामानात नेमकी तेवढी एक थोरली फाइल असते. रुफस नावाच्या चिमुकल्या प्रोग्रॅमनं ते निभावलं. त्यात पेनड्राइव्ह कोरा होतो, म्हणून त्याच्यावरची अण्णांची भजनं आधी मोबाइलवर उतरवावी लागली. ते शेजारी बसून एकेक मोजून घेत होते.

आणि मग ती डिस्क. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, गेलं की डिस्क दिसते, नावानिशी, १ टीबी. इन्स्टॉलरमध्ये, म्हणजे विंडोज बसवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, आलं की "विंडोज कुठं बसवू?" असा प्रश्न आणि खाली यादी कोरी. परत बायोस, आहे. परत इन्स्टॉलर, नाही. ह्यांनी पुन्हा फुंकर मारायची तयारी दाखवली. भानगड अशी की बायोसमध्ये व्हीएमडी नावाची, डिस्कचा कारभार आपल्याकडं घेणारी इंटेलची एक सोय चालू होती. तिच्या आडून डिस्क बघायची तर इन्स्टॉलरला वेगळा ड्रायव्हर, म्हणजे त्या भागाशी बोलायला शिकवणारा छोटा प्रोग्रॅम, द्यावा लागतो. तो इंटरनेटवर मिळतो, पण नुसता उतरवून भागत नाही. उलगडून पेनड्राइव्हवर ठेवायचा आणि बरोबर त्याच फोल्डरवर बोट ठेवायचं. एक फोल्डर अलीकडं, एक पलीकडं, की इन्स्टॉलर थंडपणे म्हणतो, ड्रायव्हर सापडला नाही. व्हीएमडी सरळ बंद करणं सोपं, पण विंडोज बसवल्यावर कुणी ते पुन्हा चालू केलं की तेच विंडोज उठायला नकार देतं. आमच्या घरात 'कुणी' पुष्कळ आहेत. आम्ही ड्रायव्हरच दिला. डिस्क उगवली.

टक्के चढू लागले, आणि अण्णा पावसाळ्यात आयर्विन पुलाच्या पाण्याची चौकशी करतात तशी दर दोन मिनिटांनी चौकशी करू लागले. "किती फूट झालं?" ४० ला इशारा पातळी, ४५ ला धोका, हे सांगलीच्या माणसाला पाढ्यांसारखं पाठ. आकडा नेमका ४५ वर अडकला. अण्णांनी आधी इन्व्हर्टरकडं बघितलं, मग देवाकडं. ५७ ओलांडल्यावर मात्र निवांत झाले. "२०१९ ला एवढंच होतं. ह्याच्या वरचं आपल्याला ठावंच न्हाई."

विंडोज बसलं, आणि पुढं जाण्यासाठी इंटरनेट मागू लागलं. वायफायचा ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर कुठं आहे? इंटरनेटवर. सरकारी दाखल्यासाठी दुसरा दाखला मागावा, असं हे चक्र कुणी आखलं असेल त्याला एकदा सांगलीला जेवायला बोलवायचंय. ह्यांचा मोबाइल चार्जिंगच्या वायरीनं जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केलं, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट कॉम्प्युटरला दिलं, तेव्हा गाडी हलली. "माझा डेटा संपेल" हे त्यांचं त्या दिवसाचं एकमेव तांत्रिक वाक्य.

शेवटी त्यानं कॉम्प्युटरचं नाव विचारलं. अण्णांनी तत्काळ सांगितलं, "श्रीगणेशप्रसन्न." गणपतीच्या गावात दुसरं काय सुचणार? पण मध्ये जागा सोडायची नाही आणि १५ अक्षरांच्या पुढं जायचं नाही, अशी अट. लेकीनं बसेल तेवढं बसवलं आणि पुढं निघून गेली.

अण्णांनी चष्मा लावून पडदा वाचला. "श्रीगणेशप्रस? बाकीचं कुठं गेलं?"

लेकीनं कागदावर इंग्रजीत १९ अक्षरं लिहिली आणि पंधराव्यानंतर रेघ मारून दाखवली. रेघेपलीकडं उरलेली चार त्यांनी एकेक करून जुळवली.

"अ… ण्णा. म्हणजे मलाच भायेर ठेवलं की गं!"