बेचकी करायचीय? आधी प्लायची कड बघा

सध्या रील्सवर प्लायच्या बेचक्यांचा सुकाळ झालाय. वळणदार मूठ, तेल पाजून उठवलेले थर, वर पिवळंधमक रबर. खाली कमेंटमध्ये सगळे आकार मागतात, 'दादा टेम्प्लेट द्या ना'. प्लाय कुठला वापरला, हे विचारणारा एकही सापडत नाही. मला विचाराल तर आकार ही सगळ्यात शेवटची गोष्ट. प्लायची कड नीट बघितल्याशिवाय करवतीला हातच लावू नये. ताणलेलं रबर हातात असताना बेचकं मोडलं, तर तुकडा थेट आपल्या तोंडावर येतो.

मालाला तोटा नाही. सोसायटीत कुणाकडे ना कुणाकडे वॉर्डरोब नाहीतर बेडचं काम चालूच असतं. १८-१९ एमएमचे हातभर तुकडे जिन्याखाली पडलेले असतात आणि मिस्त्री म्हणतो, "ले जाओ साहब, जलाने का माल है।" थंडीत वॉचमनच्या शेकोटीत ते जातातही. प्लायमधल्या डिंकाचा धूर छातीत घेऊन हात शेकायचे, हे काही मला पटत नाही. त्यापेक्षा मी पिशवी भरून आणतो.

आता कुणी म्हणेल, पेरूच्या फांदीचं बेचकं काय वाईट? काहीच वाईट नाही, उलट तेच सगळ्यात चिवट. फांदी जिथे फुटते तिथे लाकडाचे रेषेही तिच्याबरोबर वळलेले असतात. साध्या लाकडी फळीतून इंग्रजी 'वाय'चा आकार कापला की मात्र गडबड होते. रेषे सरळच राहतात, शिंग (म्हणजे रबर बांधायचा वरचा फाटा) तिरकं जातं आणि नेमकं तिथेच कडकन मोडतं. प्लायमध्ये एक थर उभा, दुसरा आडवा, त्यामुळे दोन्हीकडून धर मिळतो. पण थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असले तरच.

आणि आपल्याकडे घोडं इथेच अडतं. परदेशी हौशी लोक बर्चचा प्लाय वापरतात. १८ एमएममध्ये १३ थर, सगळे सारख्या जाडीचे. आपल्या स्वस्त प्लायमध्ये आतले थर पॉपलर किंवा निलगिरीचे, जाडजूड, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये चक्क भोकं. वरून सनमायका लागणार म्हणून कोण बघतो? तुकडा उन्हात धरा, चारही कडा फिरवून बघा. सुरीचं टोक आत जातंय असं एकही भोक शिंगाच्या वाटेत दिसलं, की तुकडा बाद. डिंकाची रेघसुद्धा बघा. बॉइलिंग वॉटरप्रूफ, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या प्लायमध्ये ती गडद तपकिरी असते, कमर्शियल म्हणून मिळणाऱ्या साध्या प्लायमध्ये फिकट. पूर्ण फळीवर आयएस ७१० किंवा ३०३ असा भारतीय मानकाचा शिक्का असतो, पण आपल्या वाट्याला आलेल्या तुकड्यावर तो कुठला असायला! नुसत्या लाल रंगावर तर अजिबात जाऊ नका, रंग काय कशालाही देता येतो.

शंका असेल तर बोटभर तुकडा कापून जुन्या डब्यात, घराबाहेर, दोन-तीन तास उकळा. कमर्शियल असेल तर कडा फुलतात आणि थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटायला लागतात. चांगला प्लाय नुसता ओला होतो.

माल पास झाला की पुढचं काम सोपं. वरच्या थराचे रेषे मुठीच्या दिशेने उभे ठेवा. बारा एमएमचेच तुकडे असतील तर दोन चिकटवून रात्रभर क्लॅम्पमध्ये दाबा. शिंगं इंचभर तरी रुंद हवीत, आणि मधली खाच गोल ठेवा. टोकदार खाचेतूनच चीर सुरू होते. कानस आणि पॉलिश पेपर मारताना तोंडाला मास्क हवाच. वरून डबल बॉइल्ड लिनसीडचा, म्हणजे जवसाच्या तेलाचा हात द्या, पण तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून वाळू द्या.

रबराबद्दल एकच सांगतो. आजकालच्या टायरमधल्या बहुतेक ट्यूब ब्यूटाइल नावाच्या कृत्रिम रबराच्या असतात. त्या हवा धरून ठेवायला उत्तम, पण परत झेप घ्यायला आळशी. नैसर्गिक रबराची पट्टी घ्या, फिजिओथेरपीच्या व्यायामाला वापरतात ती. गंमत म्हणजे केरळात पेरुंबवूरकडे प्लायसाठी रबराच्या झाडाचं लाकूड वापरतात. नशीब असेल तर तुमच्या बेचकीचं लाकूड आणि रबर एकाच जातीच्या झाडाचं निघेल!

नेम डब्यावर धरा, मागे जुनी गोधडी टांगा, आणि गोळ्या वाळवलेल्या मातीच्या घ्या. काचेच्या गोट्या फुटून उडतात, छर्रे उलटे येतात. पाखरांवर नको म्हणजे नकोच. १९७२च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित पक्ष्याला जखमी करणं, त्याचं घरटं किंवा अंडी छेडणं हीसुद्धा शिकारच धरतात, आणि 'पोरं आहेत, खेळतात' हे तिथे उत्तर होत नाही.

प्रत्येक वेळी ताणण्याआधी रबराला बारीक चीर गेलीय का बघा, आणि डोळ्यांवर गॉगल. गॉगल न लावणाऱ्याच्या हातात मी बेचकी देत नाही, मग तो कितीही लाडका भाचा असो.