‘रियाज नसणाऱ्याच्या नोंदी’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

तबल्याच्या रियाजाच्या नोंदी आणि घरचे कागद नोशन या संगणकावरच्या साधनात, परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांत (म्हणजे डेटाबेसमध्ये) कसे ठेवावेत हे सांगणाऱ्या ‘रियाजाची नोंदवही आणि घरची कागदपत्रे’ या माझ्या लेखावर, ‘एक तबलजी, डिचोली’ एवढीच सही करून आपण पाठवलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तिच्यात चार गोष्टी आहेत. झपतालाची खाली (टाळी न देता हात मोकळा दाखवायची जागा) मी चुकीच्या मात्रेवर दाखवली, ही पहिली. दोनशे पानी वहीत जे भागते त्यासाठी डेटाबेसचा खटाटोप कशाला, ही दुसरी. जमिनीचे कागद परक्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवू नयेत, कारण ते कोण पाहते ते कळत नाही आणि उद्या कंपनी बंद पडली तर हाती काही उरत नाही, ही तिसरी. चौथी गोष्ट म्हणजे केवळ एक वाक्य आहे : “ज्याच्या हाताला रियाज नसतो तो रियाजाच्या नोंदी ठेवतो, खाप्रुमामांनी कुठे तक्ते मांडले होते?” (खाप्रुमामा म्हणजे गोव्याचे थोर तबलावादक.)

पहिल्या बाबतीत आपले बरोबर आहे आणि ते मान्य करण्यात मला कमीपणा वाटत नाही. झपतालाच्या दहा मात्रा, दोन-तीन-दोन-तीन असे खंड, पहिलीवर सम, तिसरीवर टाळी, सहावीवर खाली आणि आठवीवर पुन्हा टाळी. माझ्या ‘ताल’ या तक्त्यात खालीच्या रकान्यात सहाऐवजी आठ पडले होते आणि लेखासोबतच्या चित्रातही ते तसेच गेले. मात्र ही चूक दुरुस्त कशी झाली तेही ऐका. रियाजाच्या तक्त्यातील झपतालाच्या 140 नोंदी ‘ताल’ तक्त्यातील त्या एकाच ओळीशी जोडलेल्या आहेत, त्यामुळे तिथे आठाचे सहा करताच सर्व नोंदींत सहा दिसू लागले. वही असती तर मी आजही लाल शाईची बाटली घेऊन बसलो असतो. म्हणजे माझी चूक काढताना आपण नकळत माझेच म्हणणे सिद्ध केलेत, त्याबद्दल आभार. “आधी ठेका शिका, मग संगणक” हा शेरा मात्र अनावश्यक होता. चूक दाखवणे आणि चूक करणाऱ्याला पायरी दाखवणे यांत अंतर असते, आणि ते आपल्यासारख्या कलावंताला ठाऊक असावे अशी माझी समजूत होती.

आता ते चौथे वाक्य.

ज्याच्या हाताला रियाज नसतो, असे आपण लिहिता. आपण माझा हात कधी ऐकला आहे काय? वयाच्या अकराव्या वर्षी मी फोंडा तालुक्यातील आमच्या गावच्या देवळात भजनाच्या साथीला प्रथम बसलो. पुढे बत्तीस वर्षे बँकेत नोकरी केली आणि त्या काळात, बदलीच्या गावी शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून तबल्यावर टॉवेल टाकून, पहाटे पाच ते सहा बसत आलो. मी मैफलीचा वादक नाही आणि तसे कधी म्हटलेलेही नाही. परंतु निनावी सही करणाऱ्या माणसाने, ज्याला मी कोण हे माहीत नाही आणि स्वतः कोण हे सांगायचे नाही, माझ्या हाताला रियाज नाही असा निकाल द्यावा, याला टीका म्हणत नाहीत. आमच्या पारावर याला वेगळा शब्द आहे, तो इथे लिहीत नाही.

बँकेचा उल्लेख मोठेपणासाठी केलेला नाही. मी लागलो तेव्हा शाखेत संगणक नव्हते, जाडजूड खतावण्या होत्या. रोजकीर्द आणि खतावणी यांतील फरक आपल्याला माहीत असेलच, पण इतर वाचकांसाठी सांगतो. रोजकीर्दीत व्यवहार तारखेच्या क्रमाने उतरतो आणि खतावणीत तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवला जातो. रोजकीर्द सांगते की मंगळवारी काय घडले. अमुक माणसाकडे किती येणे आहे हे फक्त खतावणी सांगते. रियाजाची वही कितीही नेटकी ठेवली तरी ती रोजकीर्दच राहते. मंगळवारी धाधा तिट धाधा तिना हा कायदा (विस्तार करत वाजवायची बोलांची रचना) चाळीस मिनिटे वाजवला हे ती सांगेल, पण रूपक ताल शेवटचा कधी वाजवला आणि तेव्हा लय किती होती, हे विचारले की पाने उलटत बसावे लागते. डेटाबेसमध्ये नोंद एकदाच होते आणि खतावणी मागाल तशी तयार होते : तालानुसार, बोलानुसार, लयीनुसार, महिन्यानुसार. माहिती तक्त्यांत मांडावी आणि ते तक्ते परस्परांशी जोडून हव्या त्या बाजूने पाहता यावेत, ही कल्पना एडगर कॉड यांनी 1970 साली आयबीएममध्ये असताना मांडली. नोशनसारख्या साधनांनी ती तुमच्या-माझ्यासारख्यांच्या हाती आणून दिली, एवढेच.

आणि हे केवळ तत्त्वापुरते नाही. माझ्याकडे दोन तबले आहेत, एक काळी एकच्या सुराचा आणि दुसरा काळी चारच्या. कित्येक वर्षे पावसाळ्यात माझा ‘तिट’ हा बोल गढूळ व्हायचा. हात आळसावला असे समजून मी रियाज वाढवायचो, आणि एका श्रावणात तर उजवे मनगट एवढे सुजले की चवथीच्या आरतीला नुसत्या टाळ्या वाजवत उभा राहिलो. नोंदी ठेवू लागल्यावर ‘वाद्ये’ असा एक वेगळा तक्ता केला (ज्या तक्त्याला आपण ‘हौसेची बाहुली’ म्हणता, तोच) आणि प्रत्येक दिवसाची नोंद त्या दिवशी वाजवलेल्या तबल्याशी जोडली. पहिला पावसाळा संपल्यावर शेऱ्यात ‘तिट अस्पष्ट’ असलेल्या नोंदी गाळून पाहिल्या. 23 निघाल्या, त्यांपैकी 19 काळी एकच्या तबल्याच्या, जवळजवळ सगळ्या जून ते सप्टेंबरमधल्या. त्याच दिवसांत, त्याच लयीत दुसऱ्या तबल्यावर तक्रार नव्हती. हात एकच होता. दमट हवेत चामडे सैल पडते आणि सूर उतरतो हे मलाही माहीत होते, म्हणून रोज गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकून सूर चढवत होतो. परंतु या तबल्याची शाई, म्हणजे चामड्यावरचा काळा गोल लेप, एका बाजूने सुटत आली होती, आणि भिंग घेऊन उजेडात पाहिले तेव्हा केसाएवढी भेग दिसली. नवी पुडी (वरचे चामडे) बसवून घेतली. गुरुजी असते तर एका थापेत सांगितले असते, हे मला मान्य आहे. पण गुरुजी 2009 साली गेले, आणि त्यांच्यामागे मला ही गोष्ट सांगितली ती रकान्यांनी.

नोंदींत वेळ किती जातो, असे आपण उपहासाने विचारले आहे. ताल, बोल आणि वाद्य यादीतून निवडायचे, लयीचा आकडा आणि मिनिटे लिहायची, वाटल्यास एका ओळीचा शेरा. मी घड्याळ लावून पाहिले, चाळीस सेकंद लागतात. तक्ते बांधण्यात मात्र सुरुवातीचे दोन आठवडे गेले आणि त्या पंधरवड्यात रियाज निम्म्यावर आला होता, हेही प्रामाणिकपणे सांगतो, कारण नोंदींतच ते दिसते. यावर आपल्याला हसायचे असेल तर हसावे.

खाप्रुमामांबद्दल. लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर हे आपल्या गोमंतकाचे भूषण. हातापायांनी निरनिराळे ताल धरून सगळे एका समेवर आणणाऱ्या माणसाला तक्ता लागत नव्हता, कारण तक्ता त्यांच्या डोक्यातच होता. मला लागतो. खाप्रुमामांनी तक्ते मांडले नाहीत म्हणून मी मांडू नयेत, हा न्याय लावायचा तर त्यांनी जे केले ते आपणही करून दाखवले पाहिजे. आपण करता काय? आणि लिहून ठेवण्याने कला मरते असे ज्यांना वाटते त्यांनी संगीताचे अभ्यासक पंडित भातखंड्यांकडे पाहावे. क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग त्यांनी स्वरलिपीत लिहून काढले नसते तर कितीतरी चिजा ज्याच्या त्याच्या गळ्याबरोबर गेल्या असत्या. त्यांनाही त्या काळी असले टोमणे ऐकावे लागलेच असतील.

दोनशे पानी वहीविषयी फार लिहीत नाही. माझ्या वडिलांनी बोल लिहिलेल्या अकरा वह्या पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठी भरून ठेवायच्या जिनसांच्या) डब्यांवरच्या फळीवर होत्या. एका पावसाळ्यानंतर काढल्या तेव्हा आठ वह्यांत वाळवीने बोगदे केले होते आणि उरलेल्या तिन्हींची पाने बुरशीने एकमेकांना चिकटली होती. त्यांतला एक तुकडा (बोलांची छोटी रचना) मला अर्धाच येतो, कारण उरलेला अर्धा वाळवीच्या पोटात आहे. वही चांगली, असे मला पुन्हा सांगू नका.

कागदपत्रांचेही तेच. गोव्यात ज्याने घराचे कागद जुळवले आहेत त्याला ठाऊक आहे की एकच माणूस पोर्तुगीज काळच्या दाखल्यात कामोतीं असतो आणि मुक्तीनंतरच्या कागदांत कामत. कुठे मध्ये ‘सिनाय’ येते, कुठे गळते. आमच्या आजोबांची पाच कागदांवर चार नावे आहेत. मी ‘माणसे’ आणि ‘कागद’ असे दोन तक्ते जोडले आणि प्रत्येक कागदापुढे ‘कागदावरील नाव’ असा रकाना ठेवला. गेल्या वर्षी वाटणीच्या कामासाठी वकिलांनी नावांतील फरकांची यादी मागितली, तेव्हा जमिनीच्या नोंदीचा फॉर्म एक-चौदाचा उतारा, जन्मदाखला, घरपट्टीची पावती आणि जुने खरेदीखत ही सगळी आजोबांच्या एका नावाखाली पाच मिनिटांत समोर आली. माझ्या चुलतभावाला तेच शोधायला तीन रविवार आणि दोन ट्रंका लागल्या.

राहता राहिला सर्व्हरचा मुद्दा. तो आपण उगाच वाढवला आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी सर्व तक्ते सीएसव्ही (साध्या मजकुराच्या) फायलींत उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवतो. त्यांत तक्त्यांमधले जोड जसेच्या तसे येत नाहीत, नुसती नावे उरतात, हे खरे. पण नावे तरी उरतात. ज्यांना फारच धास्ती वाटते त्यांनी ऑब्सिडियन हे नोंदींचे दुसरे साधन वापरावे, त्यात फायली साध्या मजकुराच्या रूपात आपल्याच संगणकावर राहतात. जमिनीचे कागद कोण पाहील, या प्रश्नावर पुन्हा कधीतरी सवडीने लिहीन. आज त्यासाठी हे उत्तर नाही.

लेखातील चित्र बदलले आहे आणि त्याखाली ‘झपतालाची खाली एका वाचकाने निदर्शनास आणून दिल्याप्रमाणे दुरुस्त’ असे लिहिले आहे. वाचकाचे नाव घातले असते, पण ते आपण दिलेले नाही. रिकाम्या तक्त्यांचा नमुना ज्यांनी मागितला त्या सर्वांना पाठवला आहे. आपल्यालाही पाठवीन, सहीत डिचोलीच्या आधी नाव तेवढे लिहा.