वेअर विरुद्ध हिल्टन: मार्शल हरले ती केस
या केसवरच्या लेखात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या १७९६ च्या या निकालाबद्दल 'देशाने केलेला करार राज्याच्या कायद्यापेक्षा मोठा' एवढंच आलंय, पण खरी गंमत हिशोबात आहे ना. व्हर्जिनिया राज्याने १७७७ मध्ये कायदा केला की ब्रिटिश सावकाराचे पैसे राज्याच्या लोन ऑफिसात भरा आणि मोकळे व्हा, तेही भाव पडलेल्या कागदी नोटांत! कोण सोडेल असा चान्स? मग अमेरिका आणि ब्रिटनमधला १७८३ चा पॅरिस करार आला, त्यात लिहिलेलं की जुनी कर्जं स्टर्लिंगमध्ये पूर्ण किमतीने वसूल करायला आडकाठी नाही, आणि कोर्टाने तेच धरलं. तोवर पैसे येणं असलेल्या ब्रिस्टलच्या फॅरेल अँड जोन्स या ब्रिटिश फर्मचा जोन्स वारलेला, म्हणून दावा त्याच्या इस्टेटीचा ॲडमिनिस्ट्रेटर (कारभार बघणारा) वेअर चालवत होता. हिल्टन वगैरे कर्जदारांचा वकील कोण तर जॉन मार्शल, पुढे अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले तेच, सुप्रीम कोर्टात वकील म्हणून लढलेली त्यांची ही एकच केस आणि तीही हरले 😄

आणि थॉमस जेफरसन, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले ते, लेखात यायचे कसे काय राहिले? त्यांचे सासरे जॉन वेल्स १७७३ मध्ये गेले, ते याच फर्मचे मोठे देणेकरी, जावयांनी कर्ज फिटायच्या आधीच इस्टेट वाटून घेतली आणि कर्ज प्रत्येकाच्या अंगावर आलं. जमिनी विकल्या तरी हातात आल्या त्या पडलेल्या भावाच्या नोटाच.